पावसाळी स्पॅनिश

माझी स्पॅनिश पावसाळी आहे. कोरड्या हवेत ती अडखळते, आभाळ भरून आलं की सुटते. यात माझा दोष नाही. मी काकांकडे शिकायला जुलैत गेले, एवढाच काय तो माझा गुन्हा. एप्रिलमध्ये गेले असते तर माझी स्पॅनिश घामट झाली असती, जशी मोहोपाड्याच्या पतपेढीतल्या एका गृहस्थांची झाली.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. चौकहून मोहोपाड्याकडे येताना ओढ्याच्या अलीकडे उजव्या हाताला त्यांचं घर लागतं आणि त्या रस्त्यावरचे सगळेच त्यांना काका म्हणतात. रसायनीच्या एका कारखान्यात ते सेफ्टीला होते. प्लांटच्या डोक्यावर वाऱ्याची जी रंगीत पिशवी फडफडत असते, तिच्याकडे बघून वारा कुठून कुठे चाललाय ते दर तासाला रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. वायू गळालाच तर माणसांनी कुठल्या अंगाला पळायचं ते त्यावरून ठरणार. त्यांच्या नोकरीत एकदाही पळायची वेळ आली नाही, पण काकांची मान जी वर झाली ती वरच राहिली. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी ते वारा बघायचे आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकायचे. एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याला भट्टी उचलून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला न्यायला लावली. नवरदेवाचा बाप वैतागून म्हणाला, "काका, हितं कसला गॅस गळतोय?" काका शांतपणे म्हणाले, "गळल्यावर इचारशील का?" भट्टी हलली.

आता अशा माणसाला स्पॅनिश कुठून आली? तर कारखान्यात पूर्वी कधीतरी नवा प्लांट उभा राहात होता आणि त्यासाठी स्पेनहून एक इंजिनीअर आला होता. त्याच्यासाठी मुंबईहून दुभाष्या आणला होता, तो पहिल्या पंधरा दिवसांच्या पावसातच बॅग भरून पळाला. मग साहेबांनी कारखान्यातला सगळ्यात रिकामा माणूस कोण ते शोधलं, आणि आभाळाकडे बघत बसलेले काका सापडले. अकरा महिने काका त्या इंजिनीअरबरोबर होते. याला त्याचं कळत नाही, त्याला याचं कळत नाही, तेव्हा दोघं खिडकीशी उभे राहायचे. तो बाहेर बोट दाखवून एक शब्द बोलायचा, काका एक बोलायचे. "आमी खिडकीतनं शिकलो," असं काका सांगायचे. पुढे त्यांनी कुणालाही दुसऱ्या रस्त्याने शिकवलं नाही.

मी गेले ती अडचणीपायी. त्याच कारखान्यात मी डिस्पॅचच्या केबिनमध्ये होते. टँकर आत आला, टँकर बाहेर गेला, ड्रायव्हरची सही, गेटपासवर शिक्का, असं चार वर्षं चाललं होतं. कंपनीने निर्यातीचं नवं खातं काढलं. माल दक्षिण अमेरिकेत जाणार, त्या खात्याची व्यवस्था स्पेनमधलं ऑफिस बघणार आणि इकडच्या टेबलावर स्पॅनिश बोलणारं माणूस हवं होतं. सप्टेंबरात तिकडच्या एक बाई व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणार होत्या. आमच्यापैकी कुणी नाही जमलं तर मुंबईहून माणूस आणणार होते. मला ते टेबल हवं होतं. इतकं हवं होतं की दुसरीकडे कुठे मन लागत नव्हतं. केबिनच्या खिडकीतून मी चार वर्षं टँकरांच्या मागच्या बाजू बघत होते, आणि त्या कुठे जातात ते मला बघायचं होतं. घरी आई स्थळं बघत होती, तिला मी सांगितलं, सप्टेंबरपर्यंत थांब. आईने कॅलेंडरवर खूण केली.

पहिल्या दिवशी मी नवी वही, दोन पेनं आणि मोबाईलवर उतरवून घेतलेलं पुस्तक घेऊन गेले. काकांनी वही काकूंकडे दिली. काकूंनी ती फ्रिजवर ठेवली आणि ती पुढे दसऱ्यापर्यंत तिथेच होती. मग काका मला गच्चीवर घेऊन गेले. गच्चीच्या अर्ध्या भागावर पत्रा, अर्धी उघडी. मला त्यांनी कठड्याशी, तोंड बाहेर करून उभं केलं.

"काय हाय बाहेर?"

"पाऊस."

"ते मला बी दिसतंय. कसा हाय?"

मी म्हटलं, मोठा आहे. काकांनी माझी मान पुन्हा बाहेर वळवली. मी पाच मिनिटं उभी राहिले, उजवी बाही भिजली, डावी कोरडी राहिली. तेव्हा कुठे मी म्हटलं, तिरका आहे, माणिकगडाकडून येतोय, आणि आत्ताच जरा बारीक झालाय. "आता शिकवतो," काका म्हणाले. त्यांचा नियम एकच होता, जे बाहेर आहे तेच बोलायचं. ऊन पडलं नसेल तर उन्हाचा शब्द मिळणार नाही. वारा सुटला की वाऱ्याचा मिळेल. गच्चीवरून दिसेल ती वस्तूही चालेल, म्हणजे म्हैस, नारळ, पत्रा, रस्त्यावरचा ट्रक, वाळत घातलेले कपडे. जे दिसत नाही ते नाही. मी विचारलं, "आणि काका, मला आधीच उन्हाचं शिकायचं असलं तर?" ते म्हणाले, "ऑक्टोबरात ये."

फी किती विचारलं तर तिथेही तोच नियम. "बाहेर काय मिळतंय ते आन." म्हणून मी जुलैत कंटोळी नेली, ऑगस्टात काकड्या, आणि मध्ये एकदा बाहेर काहीच मिळेना म्हणून केळफूल नेलं. थंडीच्या बॅचची फी वालाच्या शेंगा असे, आणि काकू त्या शेंगांची पोपटी लावत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, वर जाळ. त्या बॅचचे हाल मात्र असत. आमच्याकडे थंडी सकाळी साडेसातपर्यंतच टिकते, म्हणून काका त्यांना जानेवारीत पहाटे पाचला गच्चीवर बोलावत. एकजण स्वेटर घालून आला तर त्याला स्वेटर काढायला लावला. "आंगाला लागल्याबिगर बोलशील कसा रं?" तो जे बोलला ते स्पॅनिशमध्ये नव्हतं, असं काकू सांगतात.

पुस्तकातल्या वाक्यांचा काकांना राग होता. मी एकदा मोबाईलमध्ये बघून म्हटलं, आज हवामान कसे आहे, आज हवामान चांगले आहे. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वाईट बोलले. "असं कोन बोलतं? तुजी आई सकाळी उठून तुला बोलते का, मुली, आज हवामान कसं हाय? आई काय बोलते?"

"कपडे आत घे, म्हणते."

"मग तेच हवामान." आणि त्यांनी मला माझं पहिलं अख्खं वाक्य दिलं. रेकोखे ला रोपा, के विएने आग्वा. कपडे गोळा कर, पाणी येतंय. हे वाक्य काकूंनाही पाठ होतं. सव्वीस वर्षं ऐकून त्यांना त्याचा अर्थ इतका पक्का झाला होता की काकांनी 'रेकोखे' म्हणताच त्या जिन्यात असत. काकांच्या मते त्या घरात सर्वांत चांगली स्पॅनिश काकूंना कळत होती. काकूंच्या मते कपडे स्वतः आत घ्यायला कुठली भाषा लागते ते कुणी त्यांना शिकवावं.

अशी माझी पावसाळ्याची पुंजी वाढत गेली. एस्ता चिस्पेआंदो म्हणजे ठिणग्या उडाव्यात तसे चार थेंब पडताहेत. युएवे आ कांतारोस म्हणजे घागरी ओतताहेत. एस्कांपा म्हणजे आता उघडतोय. आणि अगदी बारीक, दिसतही नाही पण डोकं ओलं करतो तो, इंजिनीअरच्या गावाकडचा पाऊस, चिरिमिरी. हा शब्द ऐकून मी हसायला लागले. काका हसले नाहीत. "तिकडं ती वरून पडते, आपल्याकडं टेबलाखालनं," एवढंच म्हणून त्यांनी मला तो दहा वेळा म्हणायला लावला.

पतपेढीतले गृहस्थ माझ्याआधीचे. रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन टूर कंपनीतून स्पेनला जायचं म्हणून ते एप्रिलमध्ये आले होते. गुडघ्यामुळे पावसाळ्यात त्यांना जिना चढवेना, तेव्हा त्यांचं शिक्षण मेअखेर थांबलं. त्यांना उकाड्याचे नऊ प्रकार येत होते. आम्ही मोहोपाड्याच्या नाक्यावर भेटलो की सरावासाठी स्पॅनिश बोलायचो. ते म्हणायचे, काय हे उकडतंय, जीव चाललाय. मी छत्री सांभाळत म्हणायचे, घागरी ओतताहेत. ते घाम पुसायचा अभिनय करायचे, मी साडेतीन फूट पाण्यातून वाट काढायचा. पानवाला आमच्याकडे टक लावून बघायचा. आम्हा दोघांना मिळून वर्षातले आठ महिने स्पॅनिश येत होती, पण दोघांना एकाच वेळी बोलता येईल असा एकही दिवस आमच्या वाट्याला नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी मला धीर धरवेना. मी म्हटलं, काका, मुलाखतीत पावसाबद्दल कोण विचारणार आहे? निदान धुकं तरी शिकवा, काहीतरी वेगळं होईल. काकांनी विचार केला. धुकं आमच्याकडे सपाटीवर उतरत नाही. "खाली येत नाय तर आपन वर जाऊ," ते म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही कर्जतहून टेंपोने घाटाच्या पायथ्याशी गेलो आणि तिथून पायी ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला चढलो. वर पोचलो तर धुकं इतकं दाट की मला काका दिसेनात. त्यांचा आवाज तेवढा आला, "आय निएब्ला." मीही ओरडले, आय निएब्ला, धुकं आहे. एका शब्दासाठी आठ तास गेले आणि पायाला तीन जळवा लागल्या. उतरताना मी चिडून विचारलं, "मग काका, बर्फाचं काय? त्यासाठी पण चढून जाऊ या की."

काका थबकले. "बर्फाचा शब्द त्या इंजिनेरनं दिलेला मला. जाताना, गेटवर. बोल्ला, आमच्याकडं ये, मग वापर."

"मग काय शब्द आहे?"

"मी अजून बोल्लो नाय," काका म्हणाले आणि पुढे चालू लागले. नंतर काकूंनी सांगितलं की त्यांनी पासपोर्टसुद्धा काढला नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, माझ्या खिडकीत सगळं येतं. बर्फ येत नव्हता.

मुलाखत दुपारी दोनला होती. त्या दिवशी सकाळपासून असा कोसळत होता की चौकच्या आमच्या गल्लीत स्कूटर ढकलत न्यावी लागली. कशीबशी काकांच्या घरापर्यंत आले, तर पुढे ओढ्याने रस्ता ओलांडला होता. पलीकडे कारखाना, अलीकडे मी. ऑफिसात फोन केला, ते म्हणाले, असाल तिथून जोडा. काकांच्या घरात रेंज एकाच ठिकाणी येते, गच्चीवर, पत्र्याखाली.

आता एक कबूल करायला हवं. मी काकांना न सांगता इंटरनेटवरून एक वाक्य पाठ केलं होतं. तिथल्या एका बाईने व्हिडिओत सांगितलं होतं की सुरुवात प्रसन्न करावी, हवामानाबद्दल काही गोड बोलावं. ते वाक्य मी आंघोळ करताना, स्कूटरवर, झोपेत घोकलं होतं. काकूंनी स्टुलावर डबे रचून मोबाईल उभा केला. काकांना मी पाण्याच्या टाकीमागे बसवलं आणि काकूंच्या गळ्याची शपथ घातली की एक शब्द बोलायचा नाही. काकू म्हणाल्या, माझ्या गळ्याची कशाला, त्यांच्या वाऱ्याची घाल.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. मी हसले आणि म्हटलं, "ओय आथे उन दीआ प्रेथिओसो." आज किती सुरेख दिवस आहे.

पत्रा तडतडत होता. माझ्यामागे केळ आडवी झाली होती. बाईंनी कान पुढे केला. आणि टाकीमागून काका उठले. संथपणे माझ्या शेजारी आले, टोपी काढली, मोबाईलकडे बघून म्हणाले, "नो एस वेर्दाद, सेन्योरा. एस्ता दिलुवियांदो." हे खरं नाही बाई. प्रलय चाललाय. टोपी घातली आणि परत टाकीमागे जाऊन बसले.

मला कानांपर्यंत आग लागली. गेलं टेबल, असंच वाटलं. त्या क्षणी काकांना ओढ्यात लोटून द्यावं इतका राग आला. बाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे मास्तर. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, बरं, मग बाहेर खरं काय चाललंय?

मला दुसरं काही येतच नव्हतं. सवयीने मी मोबाईलकडे पाठ केली, कठड्याकडे तोंड केलं आणि बोलायला लागले. सकाळी ठिणग्या उडत होत्या, नऊनंतर घागरी सुरू झाल्या. ओढा रस्त्यावर आहे. त्या वळणावर आमच्या कंपनीचे तीन ट्रक उभे आहेत, इथून दिसताहेत, त्यांच्या पोटात तुमचा माल आहे. पण वारा फिरलाय. मघाशी डोंगराकडून होता, आता खाडीकडून आहे. माणिकगडाचा पायथा दिसायला लागला, म्हणजे चारपर्यंत उघडेल. ओढा उतरायला आणखी तास. पहिला ट्रक पाचला हलेल, त्याआधी हलेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माल आज बंदरात पोचणार नाही, उद्या पोचेल, आणि गिऱ्हाइकाला हे आत्ताच कळवलेलं बरं. बंदर आणि गिऱ्हाईक एवढे दोन शब्द मी ऑफिसच्या कागदांवरून उचलले होते; टँकरला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, मी ट्रकच म्हणत राहिले. दोनदा चुकले, तेव्हा टाकीमागून खोकल्याचा आवाज आला. खोकल्यावर शपथ नव्हती.

मी वळले तेव्हा बाई काहीतरी लिहीत होत्या. पुढे त्यांनी दोनचार गोष्टी विचारल्या, त्या मला अर्ध्याच कळल्या. मग आभार मानून त्या गेल्या. काका टाकीमागून बाहेर आले. मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना पहिला ट्रक हलला, तो त्यांनी मला खांद्याला धरून दाखवला, तरी बोलले नाही.

आठवड्याने ऑफिसातून फोन आला. बाईंनी सहा जणांना बघितलं होतं. पाच जणांनी त्यांना सुरेख दिवस सांगितला, एकीने ट्रक कधी निघेल ते सांगितलं. टेबल मला मिळालं. मी केळफूल घेऊन काकांकडे पळाले आणि रडले. ते म्हणाले, "रडू नको गं, आता बाहेर कोरडं हाय."

जानेवारीत मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी स्पेनला पाठवलं, उत्तरेकडच्या एका गावात. दहा दिवस नुसतीच थंडी होती. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले आणि दारातच थांबले. आभाळातून काहीतरी खाली येत होतं आणि त्याचा आवाज होत नव्हता. शब्द मला माहीत होता, ऑफिसात सगळे वापरत होते. तरी मी तो अजून तोंडात घेतला नव्हता. मी काकांना व्हिडिओ लावला. तिकडे दुपार होती, गच्चीवर लख्ख ऊन, मागे पोपटीचा धूर.

मी मोबाईल बाहेर धरला. काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"वारा कुठनं?"

मी हातमोजा काढून बोट वर केलं. "वायव्येकडून, काका. अगदी हळू."

"आवाज?"

"नाही. काहीच नाही."

"हाताला?"

"आधी काही लागत नाही. मग पाणी होतं."

काका उठले. धोतराला हात पुसले, टोपी नीट केली आणि जिथे मला उभं करायचे तिथे, कठड्याशी, तोंड बाहेर करून उभे राहिले. "आता तू मास्तरीन. तू बोल, मी मागनं बोलतो."

"एस्ता नेवांदो," मी म्हटलं.

समोर रणरणतं ऊन, वाळलेली शेतं, रस्त्यावरून जाणारा टँकर. काकांनी ते सगळं बघितलं. जे बाहेर नाही ते जन्मात न बोललेला हा माणूस. "एस्ता नेवांदो," ते म्हणाले. बर्फ पडतोय. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने.

जिन्यातून काकू आल्या. "अवो, ऊन केवढं हाय, आनि ह्ये काय बोलताय?"

"तिच्या बाहेर हाय ना," काका म्हणाले. मग मोबाईलकडे वळून मला म्हणाले, "फी काय घेशील?"

 बर्फ माझ्या बाहीवर साठत होता.

"बाहेर जे मिळतंय तेच देनार," काका म्हणाले. "वाल तयार हाईत. येशील तवा मडकं तुज्या नावानं लावतो."